टेकू आणि पट्ट्यामधलं अंतर

३ मार्च, मंगळवार

१. सकाळी साडेनऊला बाबांनी ग्राइंडरच्या पट्ट्यामागची झिजलेली प्लेट काढून नवीन बसवली. नवीन प्लेट पाच मिलिमीटरने पातळ.
२. सव्वाअकराला बाबा चहासाठी घरात गेले. मशीन बंद.
३. अकरा चाळीसला परत आले. मशीन चालू केलं. पट्टा साठ नंबरचा, खरखरीत.
४. सुरीचं पातं पट्ट्यासमोरच्या टेकूवर ठेवलं. टेकू आणि पट्टा यांच्यात दोन मिलिमीटर अंतर असायला हवं. सात होतं.
५. पट्ट्याने पातं त्या फटीत ओढलं. पाठोपाठ उजवा हात.
६. तर्जनीचं टोक पहिल्या पेरापासून गेलं. मधल्या बोटाला नऊ टाके.
७. शेजारचे कातरकाका त्यांना गाडीतून दवाखान्यात घेऊन गेले. आई सोबत गेली.
८. मी मागे राहिले. मेन बंद केला. फरशी धुतली.

दवाखान्याच्या फॉर्मवर 'अपघात कसा झाला' असा रकाना होता. आईने फोन करून विचारलं, तेव्हा हेच सांगितलं. वाचून दाखवल्यासारखं.

४ मार्च, बुधवार

कालच्या यादीत एक कलम कमी आहे.

बाबांनी प्लेट बदलल्यावर टेकू पुढे घेऊन नीट लावला होता. दोन मिलिमीटर. फटीत गेज घालून मीच पाहिलं. मग ते चहाला गेले. टेकू ज्या खाचेत सरकतो तिची लांबी मला हवी होती. गेला महिनाभर मी जे रुंद टेबल बनवतेय ते त्याच खाचेत बसणार आहे. पात्याचा उतार, म्हणजे पाठीकडून धारेकडे पातळ होत जाणारी बाजू, बाबा नुसत्या हाताने काढतात. मला तो सहाच्या सहा सुऱ्यांना सारखा हवा होता. म्हणून मी दोन्ही बोल्ट सैल केले, टेकू मागे घेतला, माप घेतलं.

तेवढ्यात फोन आला. कॉलेजातली मैत्रीण. तिच्या ऑफिसात कोणीतरी कोणाची तरी खुर्ची बळकावली होती. बोलत बोलत मी फाटकापर्यंत गेले.

आमच्या शेडमध्ये नियम एकच आहे. टेकू सोडला की बोल्टची चावी मशीनच्या बटणावरच्या हुकाला लटकवायची. चावी बटणावर असेपर्यंत बटणाला कोणी हात लावत नाही. टेकू लावून झाला की चावी परत खिळ्यावर. हा नियम बाबांनी केला, मी नऊ वर्षांची असताना. मला तो पाढ्यांच्या आधी पाठ झाला.

चावी माझ्या एप्रनच्या खिशात होती. बाबांनी बटण पाहिलं. चावी नव्हती. त्यांनी मशीन चालू केलं. त्यांचं काहीही चुकलं नाही.

फरशी धुऊन झाल्यावर मी चावी खिशातून काढली आणि खिळ्याला लावली. 'हात आपोआप गेला' असं लिहिता आलं असतं. तसं झालं नाही. मी बघून लावली.

५ मार्च, गुरुवार

फोन तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा होता. मोबाईलमध्ये नोंद आहे.

८ मार्च, रविवार

बाबा काल घरी आले. हाताचं बोचकं झालंय. आज दादा आला, वहिनी नाही आली. कातरकाकाही येऊन बसले. काका कात्र्यांना धार लावतात, आमच्या शेडला लागूनच त्यांची खोली आहे.

"सदतीस वर्षं झाली," काकांनी दोन्ही पंजे पुढे धरले. "दहाच्या दहा शाबूत. का माहितीये? आळशी माणूस आहे मी. घाईने काही करतच नाही."

"तुम्ही घाईने फक्त जेवता," आई म्हणाली.

बाबा हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "मी टेकू लावला होता रे. मला चांगलं आठवतंय. लावला, चावी खिळ्यावर ठेवली, चहाला गेलो."

दादा म्हणाला, "बाबा, लावला असता तर बोट गेलं असतं का?"

"तेही खरंच."

"साठी बुद्धी नाठी, उगाच नाही म्हणत." दादाचा सूर थट्टेचा होता. तो नेहमी असंच बोलतो. पण बाबांनी ते थट्टेवारी नेलं नाही. त्यांनी मान हलवली. हिशेब पटल्यावर हलवतात तशी.

मी पाणी आणायला उठले. पाणी कोणी मागितलं नव्हतं.

११ मार्च, बुधवार

बाबा शेडमध्ये येत नाहीत. दाराशी येतात, उंबऱ्यावर उभे राहतात, वळतात.

आज दुपारी मला विचारलं, "गॅस बंद आहे ना गं?" मी म्हटलं, आहे. दहा मिनिटांनी परत तेच. मग स्वतः उठून पाहून आले. परत आले आणि म्हणाले, "बघ, बंदच होता. पण मला खात्री नव्हती."

एका वाक्यात संपेल असं काम आहे. 'बाबा, टेकू तुम्ही लावला होता.' पाच शब्द. मी मोजले.

त्याऐवजी टेबलाचं उरलेलं काम काढलं.

१४ मार्च, शनिवार

काम पुढे सरकलं. नोंद ठेवते.

पात्याची जाडी तीन मिलिमीटर. उताराची उंची बावीस. पातं भट्टीत कडक करण्याआधी धारेवर शून्य पूर्णांक चार ठेवायचे, नाहीतर तापवताना वाकतं. म्हणजे प्रत्येक बाजूने एक पूर्णांक तीन काढायचे. कोन तीन पूर्णांक चार अंश. बाबांना हा आकडा कधी सांगितला नाही. त्यांच्या हाताला तो माहीत आहे. जुनी पाती मोजली तेव्हा तीन पूर्णांक दोन ते साडेतीनच्या मध्येच सगळी भरली.

जुना टेकू काढून टाकला. त्याजागी तीस सेंटिमीटर रुंद पोलादी टेबल, पट्ट्याशी काटकोनात. त्याच्यावरून सरकणारी एक घोडी. घोडीला बिजागरी, बिजागरीला स्क्रू. स्क्रू फिरवला की पात्याचा कोन बदलतो. पातं घोडीला दोन चिमट्यांनी पकडायचं आणि घोडी डावीकडून उजवीकडे ढकलायची. बोटांची गरज नाही. मागे लाकडी गोळा बसवलाय, तो तळहाताने ढकलता येतो. मोटारीला वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह लावला. पायाशी पेडल. पाय उचलला की मशीन थांबतं.

बाबांचा हात डोळ्यांपुढे ठेवून हे सगळं बसवलंय. उजव्या तळहाताला काही झालेलं नाही.

चाचणीसाठी घेतलेली पहिली पोलादी पट्टी वाया गेली. घोडी टेबलावर अडखळली आणि उतारावर पायरी उठली. टेबलाच्या कडेला वेल्डिंगचा एक ठिपका राहिला होता. घासून काढला. दुसरी पट्टी बरी. तिसरी चांगली.

टेबल आणि पट्ट्यामधलं अंतर दीड मिलिमीटर. दिवसातून चार वेळा गेज घालते. चावी बटणावर लटकवते, काम झालं की खिळ्यावर. शेडमध्ये मी एकटीच आहे, तरी.

१७ मार्च, मंगळवार

टाके काढले. घरात चिठ्ठ्या लागल्यात.

नळावर 'बंद कर'. दारावर 'किल्ली?'. औषधाच्या डबीवर सकाळ आणि संध्याकाळ असे दोन रकाने, खूण करायला. सगळं डाव्या हाताने लिहिलेलं, लहान मुलासारखं वाकडंतिकडं. आईने एक चिठ्ठी काढायला हात घातला, तर बाबा म्हणाले, "राहू दे. तुम्हा लोकांना त्रास नको."

तुम्हा लोकांना!

चिठ्ठ्या लावायला लागल्यापासून त्यांचं खरंच चुकायला लागलंय. आज औषध दोनदा घेतलं. पहिल्यांदा घेतल्यावर खूण करायच्या आधी चिठ्ठी वाचत उभे राहिले आणि मग घेतलं की नाही, तेच कळेना.

१९ मार्च, गुरुवार

दादाने विसरण्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. न्यायला मी गेले. पांढरी खोली, भिंतीवर मेंदूचं चित्र, एक मोठं घड्याळ.

डॉक्टरीणबाईंनी शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. बाबांनी डोळे मिटले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. न अडखळता दोनपर्यंत आले. मग विचारलं, "खाली जाऊ का अजून? उणे?"

"काका, नको. इथून पुढे माझं मला जमत नाही."

तीन शब्द सांगितले होते ते पाच मिनिटांनी विचारले. बरोबर. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. डाव्या हाताने काढलं, पण काटे बरोबर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की विसरण्याचं काही लक्षण दिसत नाही.

जिना उतरताना बाबा म्हणाले, "आज जमलं. त्या दिवशी नाही जमलं ना? बोट एकदाच जातं."

मी त्यांचा कोपर धरला होता. जिन्याला बावीस पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर बोलता आलं असतं.

२२ मार्च, रविवार

बाबांना शेडमध्ये आणलं. "या तरी. नाही आवडलं तर सांगा."

पातं मी घोडीला पकडून दिलं. त्यांनी पेडल दाबलं, तळहात गोळ्यावर ठेवला आणि ढकललं. पट्टा कमी वेगाने फिरत होता. ठिणग्या खाली, पाण्याच्या पत्र्याच्या डब्यात. एक फेरी, दोन फेऱ्या. पंधराव्या फेरीला उतार धारेपाशी पोचला. सरळ, आरशासारखा सपाट. घोडी उलटी करून दुसरी बाजू डाव्या हाताने. तीही तशीच.

पाच पाती झाली. मी मोजली. जास्तीत जास्त फरक शून्य पूर्णांक शून्य सहा. हाताने इतकं कोणाचंच येत नाही.

बाबांनी पातं उजेडाकडे धरलं. उताराच्या रेघेवरून अंगठा फिरवला. "छान झालंय. हे आता कुणालाही करता येईल."

कौतुकच होतं ते. त्यांच्या आवाजात वाकडं काही नव्हतं.

मग एप्रन सोडून माझ्या हातात दिला. "शेड तू सांभाळ. विसरभोळ्या माणसाने फिरत्या पट्ट्यापुढे उभं राहू नये. माझं बोट गेलं ते गेलं. उद्या तू शेजारी असशील आणि मी असाच टेकू उघडा ठेवीन."

मी एप्रन घडी करून बाकावर ठेवला. चामड्याचा आहे, घडी नीट होत नाही.

इथे 'वाईट वाटलं' असं लिहायला हवं. मला काही वाटत नाहीये. थंडीत बोटं बधिर झाली की आपलीच बोटं लाकडाची वाटतात, तसं.

२४ मार्च, मंगळवार

बाबांनी स्वतः वापरायच्या साठ नंबरच्या पट्ट्यांचं अख्खं बंडल कातरकाकांना देऊन टाकलं. काकांच्या मशीनला ते बसतही नाहीत.

२५ मार्च, बुधवार

सांगितलं.

सकाळी दहा. बाबा स्वयंपाकघरात डाव्या हाताने मटार सोलत बसले होते. आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी समोर उभी राहिले. बसायला हवं होतं.

"बाबा, टेकू तुम्ही लावला होता."

"काय?"

"त्या दिवशी. दोन मिलिमीटर. मी गेज घालून पाहिलं होतं. तुम्ही चहाला आलात तेव्हा मी सोडला. टेबलासाठी माप हवं होतं."

शेंग त्यांच्या हातात तशीच.

"चावी?"

"खिशात राहिली. माझ्या."

"खिळ्यावर होती. आईला विचार. दवाखान्यातून आल्यावर मी तिला बघायला पाठवलं होतं."

"मी लावली. नंतर."

"नंतर म्हणजे?"

"फरशी धुतल्यावर."

त्यांनी शेंग ताटात ठेवली. ओरडतील असं वाटलं होतं. त्याची तयारी होती. ते ओरडलेच, पण माझ्यावर नाही.

"अगं ए! ऐकलंस का? इकडे ये! मी लावला होता! टेकू मी लावला होता!"

आई ओली चादर खांद्यावर घेऊनच धावत आली. "काय झालं? कोणाला काय झालं?"

"काही झालं नाही! मी विसरलो नव्हतो. लावला होता, चावी ठेवली होती, सगळं जसं आठवत होतं तसंच. विचार हिला. सांग गं, सांग तिला!"

मी परत सांगितलं. सगळं, क्रमाने. आई चादरीसकट खुर्चीवर बसली. बाबा ऐकतच नव्हते. ते उठून घरभर फिरले. नळावरची चिठ्ठी काढली, दारावरची काढली, गॅसवरची काढली. चुरगळून खिशात. आरशापुढे थांबले. पहिल्या नंबराने पास झालेल्या मुलासारखे दिसत होते. एकसष्टाव्या वर्षी.

मग ते शेडमध्ये गेले.

तासाभराने बाहेर आले. चेहरा बदललेला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बावीस दिवस. मी स्वतःला म्हातारा म्हणत होतो आणि तू मला चहा आणून देत होतीस."

मग ते माझ्याकडे वळले.

"बोटाचं सोड. बोट कोणाचंही जातं. चावी बटणावर न लावणारा माणूस माझ्या शेडमध्ये चालत नाही. तुझ्या जन्माआधी एकाला काढला होता मी, जिवलग होता. तू मुलगी आहेस म्हणून तुला वेगळा नियम नाही. उद्यापासून यायचं नाही."

"बरं."

"बरं काय, बरं!" ते म्हणाले, आणि आत गेले.

२६ मार्च, गुरुवार

खोलीच्या दाराशी माझं टेबल आणि घोडी. तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून. दोन बोल्ट, वॉशरसकट, वेगळ्या पुडीत. एकही ओरखडा नाही.

ड्राइव्ह आणि पेडल त्यांनी ठेवून घेतलंय.

२७ मार्च, शुक्रवार

माझ्या खोलीची एक भिंत शेडला लागून आहे. आवाज येतो. बाबा हाताने उतार काढतायत, नऊ बोटांनी आणि एका अर्ध्याने. सुरुवातीला पट्ट्याचा आवाज जाड असतो. पातं पातळ होत जातं तसा आवाजही बारीक होत जातो, आणि अगदी शिट्टीसारखा होणार इतक्यात थांबतो. मग पाण्यात चर्रर्र.

कोन आवाजावरून कळतो, हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी शेजारी उभी राहून मापं घेत होते.

आज एक पातं बिघडलं. आवाज मध्येच फाटला. बाबांनी शिवी दिली. मग परत सुरू केलं.

२९ मार्च, रविवार

दादाचा फोन. "तुला सांगायची काय गरज होती? ते घरी बसले होते, आम्ही निर्धास्त होतो. आता परत त्या मशीनपुढे उभे आहेत. अर्ध्या बोटाने! उद्या पुन्हा काही झालं, तर ते कोणाच्या माथी?"

"माझ्या."

"शहाणीच आहेस. सगळं तुझ्याच माथी घेत बस."

त्याचं म्हणणं चुकीचं नाही. तरी मला त्याचं पटलं नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे मांडता येत नाही.

आई चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. आज ताट वाढलं आणि म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. उशिरा सांगितलंस ते वाईट केलंस. दोन्ही झालं बोलून. आता जेव."

जेवले. दोन घास झाल्यावर रडू आलं. फार नाही. मीठ जास्त झालंय का, आईने विचारलं. मी म्हटलं, नाही.

३१ मार्च, मंगळवार

कातरकाकांनी भिंतीपलीकडून हाक मारली. मी सारखी मापं घेते म्हणून ते मला मापाच्या साधनावरून 'व्हर्नियर' म्हणतात.

"काय गं व्हर्नियर, बेकार झालीस म्हणे!"

"हो."

"तुझा बाप मशीनवर माणूस शोधतोय. मला म्हणाला, कोणी असेल तर सांग. ते बोट वाकत नाही, पातं नीट धरवत नाही. वर मला दिलेले पट्टे परत घेऊन गेला, लाज नाही त्याला. एकाचं नाव सुचवलंय मी. सोमवारी येतोय बघायला."

"कसा आहे तो?"

"उतावळा आहे. पण पोट भरायचंय बिचाऱ्याला." मग म्हणाले, "माणूस शोधतोय म्हणाला तो. माणूस कसा हवा ते सांगितलं नाही हो."

१ एप्रिल, बुधवार

चार कागद फाडले.

२ एप्रिल, गुरुवार

आज न्याहारीच्या वेळी बाबांच्या ताटाशेजारी ठेवलेला कागद. प्रत इथे उतरवून ठेवते.

'बाबा,
तुम्हाला ग्राइंडरवर माणूस हवा आहे असं शेजारून समजलं. त्या जागेसाठी मी अर्ज करते आहे. माझं शिक्षण तुम्हाला माहीत आहे. हाताने उतार काढता येत नाही, तो शिकायचा आहे. घोडी वापरणार नाही. माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगायला मी बावीस दिवस लावले. त्या दोन्हींबद्दल जे बोलायचं असेल ते कामावर असताना रोज बोललात तरी चालेल.
मला दुसरीकडे कुठे जायचं नाही. हे मी याआधी कधी सांगितलं नव्हतं.
सोमवारी दुसरा माणूस येणार आहे. त्याआधी, रविवार, ५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यावं. नाही असेल तर नाही म्हणा. पण सांगा.'